रेडिओन्यूक्लाइड, समस्थानिक, रेडिएशन : कुठे कोणता शब्द?

प्रश्न : रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. 'रेडिओन्यूक्लाइड' हा शब्द त्यात पदोपदी येतो. मराठीत त्यासाठी कुणी 'किरणोत्सारी समस्थानिक' लिहितं, कुणी 'किरणोत्सर्गी मूलद्रव्य', तर कुणी सरळ 'रेडिएशन' म्हणून मोकळं होतं. हे सगळं एकच का? वाचणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आहेत, म्हणून विचारते.

प्रतिसाद : एकच नाही. 'समस्थानिक' हा नात्याचा शब्द आहे. आवर्त सारणीत एकाच घरात बसणारे, पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेले अणू हे एकमेकांचे समस्थानिक. आयोडीन-१२३ आणि आयोडीन-१३१ हे समस्थानिक आहेत. पण फ्लोरिन-१८ आणि ल्युटेशियम-१७७ यांना मिळून 'दोन समस्थानिक' म्हणणं ढिलं आहे, कारण त्यांचं मूलद्रव्यच वेगळं. तिथे 'दोन न्यूक्लाइड' हवं. न्यूक्लाइड म्हणजे ठरावीक प्रोटॉन, ठरावीक न्यूट्रॉन आणि ठरावीक ऊर्जास्थिती असलेला अणूचा एक प्रकार. आयसोटोप (म्हणजे समस्थानिक) हा शब्द रसायनशास्त्रज्ञ सॉडी यांनी १९१३ साली वापरात आणला आणि न्यूक्लाइड हा शब्द कोमन या शास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये सुचवला. आधीचा शब्द पुरेना म्हणूनच हा दुसरा आला.

वैद्यकातलं सर्वांत चांगलं उदाहरण टेक्नेशियम-९९एमचं. त्यात ४३ प्रोटॉन आणि ५६ न्यूट्रॉन. साध्या टेक्नेशियम-९९ मध्येही तेवढेच. म्हणजे समस्थानिक म्हणून पाहिलं तर दोन्ही एकच! पण 'एम'वाल्याच्या केंद्रकात जास्तीची ऊर्जा अडकलेली असते. ती १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा किरणाच्या रूपात बाहेर पडते आणि गॅमा कॅमेरा तीच टिपतो. याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, ६ तास, तर साध्या टेक्नेशियम-९९ चं दोन लाख वर्षांहून जास्त. एक स्कॅनसाठी आदर्श, दुसरं स्कॅनच्या काहीच कामाचं नाही. हा फरक 'समस्थानिक' शब्दात मावत नाही.

तेव्हा माझं मत असं : 'रेडिओन्यूक्लाइड' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'किरणोत्सार करणारा विशिष्ट अणू' असं उलगडून सांगा. किरणोत्सारी की किरणोत्सर्गी, दोन्ही रूढ आहेत. एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच वापरा.

आणखी एक प्रतिसाद : वरच्यात एक भर. रेडिओन्यूक्लाइड आणि 'किरणोत्सारी औषध' हेही वेगळे ठेवा. बहुतेक वेळा न्यूक्लाइड एखाद्या वाहक रेणूला जोडून देतात. कुठे जायचं ते वाहक ठरवतो आणि तिथे पोचल्यावर काय करायचं ते न्यूक्लाइड. टेक्नेशियम-९९एम एमडीपी या वाहकाला जोडलं की हाडांत जातं, सेस्टामिबी या वाहकाला जोडलं की हृदयाच्या स्नायूत. वाहकाशिवाय, परटेक्नेटेट या साध्या क्षाराच्या रूपात दिलं तर थायरॉइडमध्ये साठतं. न्यूक्लाइड एकच, मुक्काम तीन. उलटही होतं : डोटाटेट हा वाहक तोच ठेवून गॅलियम-६८ जोडलं तर पेट (पीईटी) स्कॅनमध्ये गाठ दिसते, ल्युटेशियम-१७७ जोडलं तर त्याच्या बीटा कणांनी त्याच गाठीवर उपचार होतो. मला या शास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

आणि प्रयोगशाळेतला शब्दही सांगते. ६ तासांच्या अर्धायुष्याचा माल लांबून मागवून चालत नाही. म्हणून ६६ तासांच्या अर्धायुष्याचं मॉलिब्डेनम-९९ शिशाच्या कवचातल्या जनित्रात (जनरेटर नावाच्या छोट्या उपकरणात) येतं आणि त्यापासून आतल्या आत टेक्नेशियम-९९एम तयार होत राहतं. आत ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) भरलेली नळी असते. एका टोकाला सलाइनची कुपी, दुसऱ्या टोकाला निर्वात कुपी शिशाच्या भांड्यात बसवून लावायची. निर्वात कुपी सलाइन ओढून घेते, मॉलिब्डेनम ॲल्युमिनाला चिकटून राहतं आणि तयार झालेलं टेक्नेशियम तेवढं धुऊन येतं. इंग्रजीत या जनित्राला गाय म्हणतात आणि या कामाला दूध काढणं. मराठीत कुणी 'दोहन' लिहितं, पण 'धार काढणं' हा आपला जिवंत शब्द असताना दोहन कशाला?

प्रश्न : दोघांचेही आभार. मग 'रेडिएशन'चं काय? लोक 'शेक दिला' म्हणतात, ते यात बसतं का?

प्रतिसाद : नाही, आणि हा गोंधळ लोकांना फार महागात पडतो. रेडिएशन म्हणजे बाहेर पडणारी ऊर्जा, मराठीत प्रारण. 'शेक' म्हणतात तो बाहेरून दिलेला मारा. कोबाल्ट-६० च्या यंत्रात न्यूक्लाइड यंत्रातच बंद असतं, रुग्णापर्यंत फक्त किरण येतात. रेषीय त्वरकात (लिनॅक या यंत्रात) तर न्यूक्लाइड नसतंच, क्ष-किरण विजेवर तयार होतात. यंत्र थांबलं की किरण संपले. असा रुग्ण घरी येऊन नातवंडाला मांडीवर घेऊ शकतो. तरीही घरचे त्याचं अंथरूण वेगळं करतात, त्याला शिवायला घाबरतात. आधीच खचलेल्या माणसाला हे किती लागत असेल!

आयोडीन-१३१ घेतलेल्याची गोष्ट निराळी. तिथे न्यूक्लाइडच पोटात गेलेलं असतं. लघवी, घाम, लाळ यांतून ते काही दिवस बाहेर पडतं. मोठी मात्रा असेल तर वेगळी खोली लागते, लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून काही काळ अंतर ठेवावं लागतं. म्हणून पत्रकात 'प्रारणित' आणि 'किरणोत्सारी' यांची सरमिसळ होऊ देऊ नका. पहिल्यावर किरण पडलेले असतात, दुसरा स्वतः किरण सोडतो. इरिडियम-१९२ चा स्रोत गाठीजवळ नेऊन परत काढून घेतात, त्यामुळे शरीरात काही उरत नाही. आयोडीन-१२५ चे दाणे कायमचे बसवतात, ते उरतात.

'शेक' बोलण्यात राहू द्या, पण त्यात ऊब नसते हे एकदा लिहा.

प्रश्न : आयोडीन-१३१ चं 'अर्धायुष्य ८ दिवस' म्हणजे १६ दिवसांनी सगळं संपलं, असंच वाचक समजणार ना?

प्रतिसाद : समजतातच. ८ दिवसांनी निम्मं, १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी अष्टमांश, असं उतरत्या क्रमाने मांडा. शिवाय शरीरही ते बाहेर टाकत असतं, त्याचं जैविक अर्धायुष्य वेगळं. समजा ते २४ दिवस असेल, तर भौतिक ८ आणि जैविक २४ मिळून परिणामी अर्धायुष्य ६ दिवस येतं. हे नेहमी दोन्हींपेक्षा कमीच असतं.

आणखी एक प्रतिसाद : पत्रकात थायरॉइड स्कॅन असेल तर 'कोल्ड नोड्यूल'चं 'थंड गाठ' करू नका. तापमानाचा संबंध नाही. गाठीने न्यूक्लाइड शोषून घेतलं नाही, एवढाच अर्थ. 'न शोषणारी गाठ' म्हणा. आणि लगेच पुढच्या ओळीत लिहा की अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण सुईने तपासणी करावी की नाही हे डॉक्टरांना विचारायला हवं.