रडू दाबण्याबद्दल

घरात कॅन्सर असला की "वडिलांसमोर डोळ्यांत पाणी आणायचं नाही" असं काही जण सांगतात, ते मला नाही पटत. मीही चार महिने तेच केलं. दर २१ दिवसांनी बाबांची केमो, खानापूर-बेळगाव बस. परतताना बाबा खिडकीला डोकं टेकून, मी मांडीवर उलटीची पिशवी धरून उगाच पावसापाण्याच्या गप्पा मारायचो. एकदा वाटेतलं मच्छे गाव ओलांडल्यावर तेच म्हणाले, "बाळा, रात्री परसात जाऊन रडतोस ते ऐकू येतंय मला." दोघंही रडलो. त्या रात्री त्यांनी स्वतःहून मागून ताक-भाकरी खाल्ली.

ज्यांना घरात बोलायला कुणीच नाही त्यांनी टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करावा. फुकट आहे, चोवीस तास. कन्नड येत नाही म्हणून कचरू नका, मराठी निवडता येते.