मदत हवी आहे: व्हर्जिनियातली बर्कली इस्टेट, आई-बाबांना घेऊन

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई-बाबा रिचमंडला येतायत. बाबा इतिहासवेडे, त्यामुळे जेम्स नदीकाठची हॅरिसन घराण्याची बर्कली इस्टेट बघायचीच असा हट्ट आहे. १७२६ चा विटांचा वाडा, बाजूच्या दारावर नवरा-बायकोची आद्याक्षरं कोरलेला दगड. त्या घरातला बेंजामिन हॅरिसन अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, त्याचा मुलगा विल्यम हेन्री नववा राष्ट्राध्यक्ष आणि विल्यमचा नातू तेविसावा! अर्थात हे सगळं वैभव तंबाखूचं, आणि तो पिकवला गुलामांनी. म्हणूनच विचारतेय, तिथले गाईड त्यांच्याबद्दल नीट बोलतात का, की नुसतं झुंबर आणि चिनी मातीची भांडी?

आईचे गुडघे दुखतात. आत जिने किती चढावे लागतात? घरापासून नदीपर्यंत बागेचे टप्पे उतरत जातात म्हणे, तिथे बसायला बाकं आहेत का? आणि जवळच कार्टर घराण्याची शर्ली इस्टेट आहे, ती त्याच दिवशी जमेल की दमछाक होईल? एकच बघायची तर कुठली?

जेवणाचंही सांगा. बाबा पक्के शाकाहारी आहेत, डबा नेलेला बरा का? फोटोंपेक्षा स्वतः जाऊन आलेल्यांचा अनुभव हवाय.