झेडपी शाळेत एखादं लेकरू फारच पुढं असेल तर शिक्षकानं काय करायचं? याचं ट्रेनिंग कुठं मिळतं का?

खडूवाला_पाटोदा

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेवर आहे मी, पहिली ते चौथी, पट २८. पहिली-दुसरी मॅडमकडं आणि तिसरी-चौथी माझ्याकडं, एकाच खोलीत दोन्ही वर्ग.

तिसरीत एक मुलगा आहे. आईवडील ऊसतोडीला जातात, त्यामुळं दरवर्षी चार-पाच महिने हा त्यांच्याबरोबर कारखान्यावर. अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट, एकसारखी दहा उदाहरणं फळ्यावर दिली की दोन करतो आणि खिडकीतून बाहेर बघत बसतो. चाचणीत मार्क मधलेच. म्हणजे कागदावर बघाल तर या पोरात विशेष काही नाही.

मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत ओट्यावर चिंचोके मांडत बसला होता. आधी एक, मग त्याच्या भोवती काटकोनात तीन, मग पाच, मग सात. मला हाक मारली आणि म्हणाला, "सर, एक, तीन, पाच असं टाकत गेलं की चौकोन मोडतच नाही." मी हे शिकवलेलं नाही, घरी शिकवणारं कुणी नाही. मी उभाच राहिलो. शाब्बास म्हटलं आणि खरं सांगतो, पुढं काय विचारावं तेच मला सुचेना, मग कपाटातून चौथीचं आणि पाचवीचं गणिताचं पुस्तक काढून दिलं. आठ दिवसांनी त्यानं दोन्ही परत आणून दिली, म्हणे यात नुसती गणितंच आहेत.

तेव्हापासून मला चैन नाही. सतरा वर्षं नोकरी झाली, निष्ठा हे सरकारी शिक्षक-प्रशिक्षण केलं, भाषेची गणिताची सगळी प्रशिक्षणं केली, मूल मागं पडलं तर काय करायचं ते मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पण पुढं गेलेल्या लेकराचं काय करायचं यावर एवढ्या वर्षांत कुणी एक तास बोललेलं नाही. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, विषय काढला तर म्हणाले स्कॉलरशिपला बसवा. पण अजून त्याला वेळ आहे, आणि मला वाटतं हे उत्तरच नाही. कुणी असं ट्रेनिंग घेतलंय का? काय शिकवतात त्यात? पुण्याला जाणं मला जमेल असं नाही, पण वाचायची आणि करून बघायची तयारी आहे.

पिंपळपान

सर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी डाएटमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत होते, आता रिटायर. आधी हे सांगते की तुम्ही जे ओट्यावर बघितलंत ना, तेच या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, ते तुम्ही ट्रेनिंगशिवाय केलंत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये यावर स्पष्ट लिहिलंय, विशेष कल असलेली मुलं ओळखणं आणि त्यांना वाढवणं हे शिक्षक-शिक्षणात आलं पाहिजे आणि बी.एड.ला प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचं स्पेशलायझेशनही ठेवता येईल. पण नोकरीतल्या शिक्षकापर्यंत ते पोचलेलं नाही हे तुमचं खरं आहे. आमच्या काळातही सगळा जोर अप्रगत मुलांवर, आणि तो हवाच होता, पण दुसरी बाजू कोरीच राहिली याची मला आजही खंत आहे.

महाराष्ट्रात या विषयात खोलवर काम केलेली संस्था म्हणजे ज्ञानप्रबोधिनी. १९६२ साली आप्पा पेंडशांनी सुरू केली, १९६९ ला प्रशाला. त्यांचं मानसशास्त्राचं काम मोठं आहे, पत्र लिहून विचारा. बुद्धिमापनाच्या चाचण्यांबद्दल मात्र एक सांगते. मराठीत ते काम जुनं आहे, डॉ. कामतांनी बिने चाचणीचं मराठी-कानडीतलं रूप स्वातंत्र्याच्याही आधी केलं आणि बिने-कामत अजून वापरतात. पण ती द्यायला शिकलेला माणूस लागतो, तुम्ही त्यात अडकू नका.

तुम्ही एक दोनशे पानी वही करा. रोज नाही, पण जेव्हा हे पोर किंवा दुसरं कुठलंही पोर न शिकवलेलं काही करेल, विचारेल, तेव्हा तारीख घालून त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. "हुशार आहे" असं लिहू नका, काय केलं ते लिहा. रेंझुली नावाचे अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांनी १९७८ मध्ये तीन गोष्टी मांडल्या, सरासरीच्या वरची क्षमता, सर्जनशीलता, आणि हातात घेतलेल्या कामाला चिकटून राहणं. तिन्ही एकत्र येतात तिथं प्रतिभेचं काम दिसतं. स्कॉलरशिपच्या परीक्षेत यातलं पहिलंच थोडंफार दिसतं. दहा उदाहरणांतली आठ सोडणारा मुलगा चिंचोक्यांना किती वेळ चिकटून होता ते आठवून बघा.

आणि परीक्षा कमी लेखू नका बरं का. पाचवीत नवोदयची परीक्षा द्यायला लावा, ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, तुमच्या जिल्ह्यात गढीला आहेच. पुढं आठवीत एनएमएमएस, म्हणजे गरीब घरातल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, त्यात नववी ते बारावी वर्षाला १२००० रुपये मिळतात. ऊसतोडीच्या घरात तेवढ्यानं पोर शाळेत टिकतं. फक्त परीक्षेची तयारी म्हणजे त्याचं शिक्षण असं समजू नका.

कोरी_वही

मी मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकवते. मनापासून लिहितेय, राग मानू नका. माझ्या वर्गात ५४ मुलं आहेत, पाचवी, त्यातल्या १८ जणांना हातच्याची वजाबाकी येत नाही. मला जे काही जास्तीचे तास मिळतात ते या १८ जणांचे आहेत असं मी मानते. हुशार मूल कसंही वाट काढतंच असं आम्ही सगळे म्हणतो, आणि दुसरं म्हणजे "प्रज्ञावान" म्हणून यादी केली की त्यात कुणाची नावं येतात ते मी बघितलंय, नीटनेटकी, स्वच्छ बोलणारी, ज्यांचे पालक मीटिंगला येतात अशी मुलं. त्यांच्यासाठी अजून एक ट्रेनिंग आणि अजून एक वर्ग कशाला?

पण सर, तुमचा मुलगा त्या यादीत बसत नाही, हे वाचून मी थांबले. त्यामुळं खरंच विचारतेय, वेळ कुठून आणायचा?

निळी_शाई

@कोरी_वही, ताई, "हुशार मूल वाट काढतंच" हे नका म्हणू. मी ते मूल होते. नगरपालिकेच्या शाळेत, चौथीपर्यंत सगळं आधीच यायचं. बाईंचा माझ्यावर जीव होता, पण काम दिलं की माझं पाच मिनिटांत व्हायचं आणि मग मला बाकीच्यांच्या वह्या तपासायला द्यायच्या, पाढे म्हणून घ्यायला सांगायच्या. सगळ्यांना वाटायचं किती कौतुक होतंय. चार वर्षं मी एकही गोष्ट अशी केली नाही जी मला येत नव्हती. त्यामुळं अडल्यावर काय करायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. आठवीत बीजगणित पहिल्यांदा अडलं आणि मी सरळ ठरवलं की आपण मुळात हुशार नव्हतोच, लोकांचा गैरसमज होता. गणित सोडलं ते सोडलंच. आज ४१ वर्षांची आहे आणि मुलाच्या वहीतलं बीजगणित बघितलं की अजून पोटात गोळा येतो.

एवढंच मागते शिक्षकांकडं, त्या मुलाला रोज थोडंसं अडू द्या. आणि अडला की जवळ बसा.

गोदाकाठ_ते_टेक्सास

मी मूळची नांदेडची, आता टेक्सासमध्ये सरकारी शाळेत तिसरीला शिकवते. इथं राज्याचा नियमच आहे, प्रज्ञावान मुलांच्या कार्यक्रमात शिकवायचं तर ३० तासांचं मूळ ट्रेनिंग, आणि मग दरवर्षी ६ तास. कार्यक्रमाचे निर्णय घेणारे अधिकारी आणि समुपदेशक यांनाही तासांची अट आहे. अख्ख्या अमेरिकेत असं नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं.

त्या ३० तासांत काय असतं तर एक, ही मुलं कशी असतात आणि त्यांना काय लागतं, मनाच्या बाजूनंसुद्धा. दुसरं, ओळखायची कशी. तिसरं, रोजच्या वर्गात धडा कसा बदलायचा. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते तिसरं, आणि @कोरी_वही ताईंच्या वेळेच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर तेच आहे. दहा उदाहरणं द्यायची असतील तर फळ्यावर सगळ्यात अवघड पाच आधी खूण करून ठेवा. ज्याला वाटेल त्यानं ती पाच आधी सोडवायची, चार जरी बरोबर आली तरी बाकीची माफ, आणि उरलेला वेळ त्याच्या स्वतःच्या प्रश्नाला. याला तुमचा जास्तीचा वेळ जात नाही, उलट तुम्ही त्या १८ जणांपाशी निवांत बसू शकता. आणि ही सूट सगळ्या वर्गाला खुली ठेवायची, निवडक दोघांना नाही. माझ्या वर्गात पहिल्या महिन्यात अशी दोन मुलं पुढं आली की ज्यांच्याकडं माझं लक्षच नव्हतं.

यादीत कुणाची नावं येतात हा तुमचा मुद्दा तर शंभर टक्के बरोबर. फ्लोरिडात ब्रॉवर्ड काऊंटीमध्ये आधी शिक्षक-पालकांनी नावं सुचवायची पद्धत होती. २००५ मध्ये त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांची छोटी चाचणी घ्यायला सुरुवात केली, तर गरीब घरातली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं कितीतरी जास्त सापडली. ती आधीही वर्गातच बसलेली होती. म्हणून ट्रेनिंग हवं, अजून एक वेगळा वर्ग काढण्यासाठी नाही, आपली नजर बदलण्यासाठी.

शून्य_बेरीज

गणितवाला आहे, ऑलिंपियाडच्या मुलांना शिकवतो. खडूवाला सर, तुम्ही त्याला पुढचं पुस्तक दिलंत आणि त्यानं परत दिलं, कारण त्याला पुढं जायचं नव्हतं, खाली खणायचं होतं. पुढची इयत्ता देणं ही पहिली चूक आम्ही सगळेच करतो.

चिंचोक्यांवर परत जा. त्याला विचारा, दोन, चार, सहा असे टाकत गेलास तर काय होतं? एक, दोन, तीन, चार अशा ओळी एकाखाली एक लावल्या तर कुठला आकार होतो, आणि असे लागोपाठचे दोन आकार एकमेकांना जोडले तर? आणि मुख्य प्रश्न, "चौकोन मोडत नाही" हे तू सात-आठ वेळा बघितलंस, पण कधीच मोडणार नाही हे तुला कसं माहीत? हा शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसा, कितीही दिवस लागू देत. उत्तर अजिबात सांगू नका. तुम्हालाही येत नसेल तर "मला पण माहीत नाही, दोघं बघू" म्हणा, पोरं त्यानं खूश होतात आणि शिक्षकाचंही ओझं कमी होतं. मला स्वतःला हे वाक्य म्हणायला पाच वर्षं लागली.

मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, त्यांचा विज्ञान प्रतिभा म्हणून कार्यक्रम आहे, आठवी ते दहावीसाठी, केंद्रीय विद्यालय-नवोदयच्या शिक्षकांना घेऊन चालतो. त्यांचे पाठ नेटवर फुकट आहेत. तिसरीला ते थेट चालणार नाहीत, पण प्रश्न कसा उघडा ठेवायचा हे शिकायला तुम्ही स्वतः सोडवून बघा. माझ्या मते शिक्षकाचं खरं ट्रेनिंग तेच आहे, महिन्याला एक तरी प्रश्न असा सोडवायचा की ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही.

खडूवाला_पाटोदा

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, मधे मतदार याद्यांचं काम होतं.

वही सुरू केली, आत्तापर्यंत नऊ नोंदी झाल्या, आणि पिंपळपान मॅडम, त्यातल्या चार त्याच्या नाहीतच. दोन तर चौथीतल्या एका मुलीच्या आहेत जी वर्गात तोंड उघडत नाही. अवघड पाच आधी हे पण चालू केलंय. पहिल्या दिवशी गोंधळ झाला, सगळ्यांनाच माफी पाहिजे होती, पण तिसऱ्या दिवसापासून बसलं.

शून्य_बेरीज सर, तुमचा प्रश्न विचारून मी गप्प बसलो. सहा दिवस काही नाही. सातव्या दिवशी परिपाठ संपल्यावर आला आणि हात धरून ओट्यावर घेऊन गेला. पाच-पाचचा चौकोन मांडलेला होता. म्हणाला, "सर, मोठा करायचा तर या बाजूला एक ओळ लागती, त्या बाजूला एक ओळ लागती, अन् कोपरा उघडा राहतो, तिथं एक. पाच, पाच अन् एक अकरा. पुढच्या टायमाला सहा, सहा अन् एक. म्हणून मोडत नाही." मग दोन-चार-सहाचं मांडून दाखवलं आणि म्हणाला याचा चौकोन होतच नाही, एक ओळ कायम जास्तीची राहती. निळी_शाई ताई, त्या सहा दिवसांत तो दोनदा चिंचोके फेकून उठला होता. मी जवळ जाऊन बसलो, बाकी काही केलं नाही.

आमच्या केंद्रप्रमुखांना वही दाखवली. पुढच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास दिलाय, प्रत्येकानं आपल्या वर्गातलं एक न शिकवलेलं उत्तर घेऊन यायचं असं ठरलंय. अकरा शाळा आहेत केंद्रात.

आता काळजी दुसरीच आहे. दिवाळी झाली की आईवडील कारखान्यावर निघतील. परवा घरी गेलो होतो, लेकराला आजीपाशी ठेवा म्हणून सांगितलं, वडील ऐकत होते, आई म्हणाली धाकट्या बहिणीला कोण सांभाळणार तिकडं. अजून नक्की काही नाही. हंगामी वसतिगृहाचं कुणाला माहीत असेल, धाकट्या भावंडाची सोय कुणी कशी केली असेल, तर कृपया लिहा, माझ्याकडं तीनच आठवडे आहेत.