हॅरी पॉटरचे आठ चित्रपट, चार संगीतकार : मुलांना तुलना करून कसं ऐकवावं?

खानापूर_वर्ग
नमस्कार मंडळी. संगीत वर्गाच्या मुलांसाठी दीड तासाचं श्रवणसत्र ठेवायचं आहे. मुलं अकरा ते पंधरा वयाची. हार्मोनियम आणि तबला सगळ्यांना येतो, दोघंतिघं व्हायोलिन शिकतात. भूप, दुर्गा, यमन कानानं ओळखतात, पण पाश्चात्त्य वाद्यवृंद सलग बसून ऐकलेला नाही. चित्रपट मात्र सगळ्यांना पाठ, म्हणून ही मालिका निवडली.

जॉन विल्यम्स (पहिले तीन), पॅट्रिक डॉयल (चौथा), निकोलस हूपर (पाचवा आणि सहावा), अलेक्झांडर डेस्प्ला (सातव्याचे दोन्ही भाग) इतकं माहीत आहे. आठही चित्रपटांतून एकेक तुकडा घ्यावा की कमी? तुलना नेमकी कशावर करावी? ‘कुणाचं भारी’ यावर सत्र संपायला नको. आणि ऐकवायची जागा मंगल कार्यालयाचा हॉल आहे, वर पत्रा. काय सांभाळावं तेही सांगा.

शहापूर_सारंगी
आठ तुकडे घेऊ नका, गर्दी होईल. शिवाय दुसऱ्या चित्रपटाला वेगळा थांबा द्यायची गरज नाही. २००२ साली विल्यम्सकडं आणखी तीन मोठे चित्रपट होते, त्यामुळं दुसऱ्या भागात पहिल्याचं साहित्य जुळवून घेण्याचं आणि वाद्यवृंद चालवण्याचं काम विल्यम रॉसनं केलं. नवीन धुना त्यात आहेत, फॉक्स पक्ष्याची तर सुंदरच, पण तुलनेसाठी तो पहिल्याचाच विस्तार धरा.

आता तुलना कशावर? एकच धून धरा आणि ती कुठं कशी येते ते बघा. ती म्हणजे ‘हेडविग्ज थीम’, हॅरीच्या घुबडाच्या नावाची, मालिकेची मुख्य धून. मुलांना आधी ती हार्मोनियमवर वाजवायला लावा, मग वाद्यवृंद ऐकवा. पांढरी तीन (सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी) सा धरला की पहिली ओळ अशी बसते :

प़ | सा ग(कोमल) रे | सा प | म | रे |
सा ग(कोमल) रे | ऩी रे(कोमल) | प़

पहिला आणि शेवटचा प मंद्रातला. पहिल्या ओळीच्या मधला प मात्र मध्य सप्तकातला, म्हणजे सा वरून वर उडी आहे. दुसऱ्या ओळीतला नी शुद्ध, तोही मंद्रातलाच. लय तीन मात्रांची, दोन घरं मिळून दादऱ्याचं एक आवर्तन होतं. सुरुवातीचा प उठाणीचा, सम सा वर. सा दीड मात्रा, ग अर्धी, रे एक. मग सा दोन, प एक. मग म तीन आणि रे तीन. तबला शिकणाऱ्यांना ठेका धरू द्या, दीड-अर्धी चुकली की धून लगेच सपाट होते.

गंमत दुसऱ्या ओळीत आहे. आत्ताच शुद्ध रे घेतला आणि लगेच नी नंतर कोमल रे. राग शोधायला बसलेली मुलं इथं अडकणार, अडकू द्या. पुढची ओळ तर कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध अशी अर्ध्या अर्ध्या स्वरानं उतरते आणि मध्येच शुद्ध ग डोकावतो. बाराच्या बारा स्वरांशी खेळ चाललेला असतो, तरी सा कुठं आहे ते कान विसरत नाही. जादूचा जो भास होतो तो या परक्या स्वरांमुळं. वाद्य नंतर येतं.

वाद्याचं म्हणाल तर ते सेलेस्टा. दिसायला लहान पियानोसारखं, आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या आणि त्यावर हातोड्या. १८८६ साली पॅरिसच्या मुस्टेलनं पेटंट घेतलं, १८९२ च्या ‘नटक्रॅकर’मध्ये चायकोव्हस्कीनं वापरलं आणि तेव्हापासून परीकथा म्हटलं की हेच. मुलं याला घंटी किंवा जलतरंग म्हणतील. हातोडीचा मऊ ठोका ऐकायला सांगा, फरक कळेल.

निपाणी_ब्रास
सारंगी सरांचं बरोबर आहे, पण नुसती एक धून धरली तर डॉयलवर अन्याय होतो की. चौथ्या चित्रपटाच्या अल्बमवर पहिल्याच ‘द स्टोरी कंटिन्यूज’ मध्ये ती धून एकदा येते, जड आणि काळोखी होऊन. त्यानंतर डॉयल आपल्या वाटेनं जातो. त्याचा खरा नमुना ‘हॉगवर्ट्स मार्च’. पावणेतीन मिनिटांचा आहे. भुलभुलैयाच्या स्पर्धेआधी पडद्यावर जो बँड वाजवतो तोच हा. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा (सगळ्यात जाड आवाजाचं पितळी फुंकवाद्य), झांज आणि बास ड्रम, बाकी फारसं काही नाही.

आपल्याकडच्या मुलांना हे लगेच पटतं. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे, लष्करी बँड कानावरून गेलेला असतो. ट्यूबा कुठल्या मात्रेवर आहे ते विचारा. धून ट्रम्पेटकडं असते म्हणून सगळे तिकडंच ऐकतात, पण मार्च चालतो तो ट्यूबा आणि बास ड्रमवर. वाद्यवृंद लंडन सिम्फनीचा, संचालन जेम्स शीअरमनचं.

लगेच त्यानंतर त्याच चित्रपटातला ‘हॅरी इन विंटर’ लावा, म्हणजे डॉयल नुसता बँडवाला आहे असं वाटणार नाही. लांब श्वासाची तारवाद्यांची धून आहे ती. माझ्या मते अख्ख्या मालिकेत सरळ गाता येईल अशी ही एकच.

एक सावध करतो. अल्बमचा क्रम आणि चित्रपटाचा क्रम एक नसतो. पाचव्याच्या अल्बमवर ‘फायरवर्क्स’ पहिला आहे, चित्रपटात तो बराच उशिरा येतो. मुलांना गोष्ट पाठ आहे, चुकीच्या क्रमानं लावलंत तर संगीत सोडून तेच सांगत बसतील.

कॅम्प_कोरस
संगीतकारावर वाटणी केली की एक मोठी गोष्ट हातची जाते. या आठांत सगळ्यात मोठी उडी विल्यम्सच्या दुसऱ्या आणि विल्यम्सच्याच तिसऱ्या चित्रपटामध्ये आहे. माणूस तोच, दिग्दर्शक बदलला : ख्रिस कोलंबस जाऊन अल्फोन्सो क्वारोन आला. २००४ चं संगीत ऐका. ‘डबल ट्रबल’ मध्ये ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणींचे शब्द मुलांच्या कोरसला दिलेत आणि साथीला रेकॉर्डरसारखी (रेकॉर्डर म्हणजे बासरीचा एक प्रकार) मध्ययुगीन वाद्यं आहेत. ‘नाइट बस’ मध्ये तर चक्क जॅझ, तोही पिसाटलेला. ‘आंट मार्जेस वॉल्ट्झ’ सव्वादोन मिनिटांचा, बाई फुगत जाते तसा वाद्यवृंदही फुगत जातो. पहिल्या चित्रपटात प्रत्येक पात्राला आणि वस्तूला धून चिकटवलेली होती, इथं प्रत्येक प्रसंगाला वेगळी शैली आहे. पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही संगीतांना ऑस्करचं नामांकन होतं, पण ती दोन वेगळ्या कारणांसाठी थोर आहेत.

उलट प्रयोगही तयारच आहे. पाचव्यापासून आठव्यापर्यंत दिग्दर्शक एकच, डेव्हिड येट्स, आणि संगीतकार दोन. म्हणजे एकीकडं संगीतकार तोच ठेवून दिग्दर्शक बदलला आणि दुसरीकडं दिग्दर्शक तोच ठेवून संगीतकार. या दोन जोड्या समोरासमोर ठेवल्या की ‘कुणाचं भारी’ हा प्रश्न आपोआप मागं पडतो. मुलं विचारायला लागतात की अमुक बदल कुणामुळं झाला.

हूपरला कुणी हात लावत नाही इथं, म्हणून मुद्दाम सांगते. येट्सबरोबर त्यानं आधी दूरचित्रवाणीसाठी काम केलं होतं, आणि ते ऐकू येतं : वाद्यं कमी, धून आखूड, संवादाखाली सरकणारी. ‘फायरवर्क्स’ मध्ये इलेक्ट्रिक गिटार आहे, मुलं खूश होतील. पण ऐकवायचाच असेल तर सहाव्यातला ‘डम्बलडोर्स फेअरवेल’ ऐकवा. साधारण अडीच मिनिटं, बहुतेक सगळी तारवाद्यं, धून जवळजवळ हलतच नाही आणि आवाज मात्र हळूहळू भरत जातो. शेवटच्या चित्रपटात डेस्प्लानं ‘सेव्हरस अँड लिली’ मध्ये हीच धून परत घेतली आहे. नंतरच्या संगीतकारानं तुमचं उचलून शेवटच्या चित्रपटाच्या सगळ्यात नाजूक जागी ठेवावं, याहून मोठी पावती ती काय.

शहापूर_सारंगी
कोरसताई, जोड्यांची कल्पना माझ्या एका धुनेपेक्षा चांगली आहे. दोन्ही एकत्र करता येतील. फक्त हूपरबद्दल थोडा मतभेद ठेवतो. त्याचा पाचवा चित्रपट स्वतंत्र ऐकताना पातळ वाटतो. संवादाखाली छान बसणारं संगीत हॉलमध्ये एकटं लावलं की उघडं पडतं. मुलांना तेही दाखवा, दोष म्हणून नको, त्याचं काम काय होतं ते कळायला. ‘प्रोफेसर अम्ब्रिज’ आधी नुसता ऐकवा आणि मग तिचं गुलाबी खोलीतलं दृश्य आठवायला सांगा. नीटनेटकी, टुमदार धून त्या बाईवर ठेवली की अंगावर काटा येतो.

डेस्प्लाचा मुद्दा राहिला. सातव्याच्या पहिल्या भागात ‘ऑब्लिव्हिएट’ घ्या, तीन मिनिटं. खालची तारवाद्यं एक छोटी आकृती पुन्हा पुन्हा घोटत राहतात आणि धून वरून येते. लेहऱ्यावर वाढत जाणाऱ्या तबल्याची सवय असलेल्या कानाला ही रचना अवघड नाही. आठव्याचा ‘लिलीज थीम’ मात्र शब्दाविना एकटा आवाज आहे, माई फुजिसावाचा. जपानी संगीतकार जो हिसाइशींची ती मुलगी.

हेडविगची धून डेस्प्लाकडं फार थोडी उरते. पुष्कळ जण यावर नाराज असतात. पण सातव्यात शाळाच नाही, पोरं रानोमाळ हिंडताहेत, मग शाळेचा सेलेस्टा कुठून वाजवणार? आणि अगदी शेवटी, एकोणीस वर्षांनंतरच्या प्रसंगात, पहिल्या चित्रपटातलं विल्यम्सचं ‘लीव्हिंग हॉगवर्ट्स’ परत येतं. तिथं डेस्प्लाचं नवं काही नाही.

टिळकवाडी_साउंड
हॉलचं सांगतो, कारण इथंच सगळं बिघडतं.

मंडप डेकोरेशनवाल्याकडून स्पीकर आणणार असाल तर आधी त्याच्या इक्वलायझरच्या सगळ्या पट्ट्या मध्यावर आणा. लग्नाच्या सेटिंगला बास आणि ट्रेबल वर, मधलं खाली असं असतं. त्यात हॉर्न आणि चेलो नाहीसे होतात आणि सेलेस्टा कानात टोचतो. भोंग्याचे स्पीकर असतील तर नकोच म्हणा. दोन साधे बॉक्स स्पीकर स्टँडवर, मुलांच्या डोक्याच्या थोडं वर, भिंतीपासून तीन-चार फूट पुढं ठेवा. कोपऱ्यात ढकलले की ट्यूबा नुसता घुमतो आणि ब्रास सरांचा प्रश्न वाया जातो.

मोबाइलवरनं वाजवत असाल तर त्यातले सगळे ध्वनिपरिणाम बंद करा. अ‍ॅपमध्ये आवाज समान करण्याची सोय असते, तीही बंद. ती चालू राहिली तर ‘डम्बलडोर्स फेअरवेल’ वर ओढला जातो, आठव्यातला ‘कोर्टयार्ड अपॉकॅलिप्स’ खाली दाबला जातो आणि कोण वाद्यवृंद किती भरतो ही तुलनाच संपली. आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्या तुकड्यावर ठरवा, मग सत्रभर हात लावू नका. ब्लूटूथ नको, वायर लावा. फोन एअरप्लेन मोडवर.

पत्र्याच्या हॉलमध्ये प्रतिध्वनी मारायला मुलांना खुर्च्यांऐवजी सतरंजीवर बसवा आणि मागच्या भिंतीला मंडपाचा जाड पडदा सोडा. आणि सत्र पावसाळ्यात असेल तर खानापुरात पत्र्याखाली करूच नका, शाळेचा स्लॅबचा वर्ग बघा. तुमच्याकडचा पाऊस सुरू झाला की सेलेस्टा काय, ट्रॉम्बोनसुद्धा ऐकू येत नाही.

खानापूर_वर्ग
सगळ्यांचे आभार. मग क्रम असा धरते : हार्मोनियमवर धून, पहिल्याचा ‘प्रोलॉग’, ‘आंट मार्जेस वॉल्ट्झ’, ‘हॉगवर्ट्स मार्च’, ‘हॅरी इन विंटर’, ‘डम्बलडोर्स फेअरवेल’, ‘ऑब्लिव्हिएट’, ‘लिलीज थीम’. ऐकणं वीस-पंचवीस मिनिटांत बसेल, प्रत्येक तुकडा दोनदा लावता येईल. दोन शंका आहेत. ज्यांना पितळी हॉर्न कुठला आणि लाकडी बासून कुठला हेच माहीत नाही त्यांचं काय? आणि मार्चनंतर लगेच ‘फेअरवेल’ नको म्हणूनच मध्ये ‘हॅरी इन विंटर’ घातलंय, ते चालेल का?

निपाणी_ब्रास
चालेल की, मस्तच. वाद्य ओळखीसाठी विल्यम्सनं स्वतःच सोय करून ठेवली आहे, ‘चिल्ड्रन्स सूट’. पहिल्याच चित्रपटाच्या धुना, नऊ छोटे भाग, बहुतेक भागांत एकच वाद्यगट पुढं. ‘हॉगवर्ट्स फॉरएव्हर’ चार हॉर्नचा, ‘व्होल्डेमॉर्ट’ बासूनचा, ‘निंबस टू थाउजंड’ लाकडी फुंकवाद्यांचा, ‘क्विडिच’ ब्रासचा. ‘फ्लफी अँड हिज हार्प’ मध्ये हार्प आणि काँट्राबासून दोघंच, कुत्रा घोरतोय ते कळतं. शेवटचा ‘हॅरीज वंड्रस वर्ल्ड’ पूर्ण वाद्यवृंदाचा. सत्राच्या दोन दिवस आधी यातले तीन-चार वर्गातच ऐकवा, सत्रात वेळ घालवू नका.

शहापूर_सारंगी
एक राहिलं. इंटरनेटवर फुकट चढवलेल्या कितीतरी प्रती मुद्दाम अर्धा स्वर वर किंवा खाली सरकवलेल्या असतात, हक्कांच्या तपासणीत पकडलं जाऊ नये म्हणून. मुलांनी पांढरी तीनवर धून बसवली आणि तुम्ही लावलेला ‘प्रोलॉग’ त्याला जुळलाच नाही, तर दोष मुलांना नको जायला. लावायच्या आधी हार्मोनियम घेऊन बसा. सेलेस्टाचा पहिला स्वर पांढरी सात आला पाहिजे आणि दुसरा पांढरी तीन. दुसऱ्या ओळीत काळी दोन, पांढरी चार आणि परत खालची पांढरी सात. एवढं जुळलं तर प्रत वापरा, नाहीतर अधिकृत अल्बमची घ्या. हार्मोनियमही ट्यूनरवर तपासून घ्या, जुन्या पेट्या पाव स्वर चढलेल्या असतात.