लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे तरी स्केचअप अडकतं, कार्ड गेलंय का?

मृद्गंध_इंटिरियर्स
नमस्कार, घरूनच इंटिरियरची कामं करते. ऑटोकॅड, स्केचअप (घराचं थ्रीडी मॉडेल बनवायला) आणि कधीमधी एनस्केप (त्या मॉडेलचं खरं वाटणारं चित्र काढायला). लॅपटॉपला आय५, १६ जीबी रॅम आणि आरटीएक्स ३०५० चं ४ जीबीवालं कार्ड आहे, तरी साधं टू बीएचकेचं मॉडेल ऑर्बिट केलं की स्क्रीन धक्के खात फिरते, आणि शॅडो ऑन केल्या तर बघायलाच नको. क्लायंट शेजारी बसलेले असताना किचन फिरवून दाखवायचं म्हणजे घाम फुटतो. रिपेअरवाले म्हणतात कार्ड गेलंय, मदरबोर्डच बदलावा लागेल, आणि तो खर्च आत्ता मला झेपणारा नाही. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू (ग्राफिक्सची चिप) ० भरपूर चाललेला दिसतो आणि जीपीयू १ शून्यावर. कुणाला कळत असेल तर प्लीज सांगा.

जुना_कॅडवाला
ताई मदरबोर्डला अजिबात हात लावू देऊ नका. कार्ड गेलं असतं तर बहुतेक ते यादीत आलंच नसतं किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यावर पिवळं चिन्ह आलं असतं. जीपीयू ० म्हणजे बहुतेक प्रोसेसरमधलं इंटेलचं ग्राफिक्स आणि १ म्हणजे एनव्हीडिया, म्हणजे तुमचं आरटीएक्स कार्ड, नावं तिथेच लिहिलेली असतात बघा. बॅटरी वाचावी म्हणून लॅपटॉपमध्ये दोन्ही ठेवतात, कुठला प्रोग्राम कुठल्या कार्डावर चालवायचा ते सिस्टीम ठरवते (एनव्हीडियाने ऑप्टिमस नावाची ही सोय २०१० मध्ये आणली तेव्हापासून हे आहे) आणि तुमचं स्केचअप इंटेलवरच चाललंय.

सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, मग खाली ग्राफिक्स. तिथे स्केचअप निवडा, यादीत नसेल तर ब्राउझ करून त्याची एक्सई फाइल द्या, ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स करून सेव्ह करा, आणि स्केचअप पूर्ण बंद करून परत उघडा. ऑटोकॅडचंही तसंच करा आणि त्यात ग्राफिक्सकॉन्फिग कमांड देऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन ऑन आहे का बघा, कुठलं कार्ड वापरतंय तेही तिथेच कळतं. ड्रायव्हर टाकणार असाल तर स्टुडिओ ड्रायव्हर टाका, गेमवाला नको.

वऱ्हाडी_रेंडर
दादांनी सांगितलं ते आधी कराच. पण चार्जर लावलेला असतो का? बॅटरीवर ही कार्डं स्वतःच वेग कमी करतात. टाइप सी चा ६५ वॅटचा चार्जर लावत असाल तरी तेच, कारण ३०५० एकटंच लॅपटॉपप्रमाणे ३५ ते ८० वॅट खातं, वर प्रोसेसर वेगळा. आणि गरमी! आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा गादीवर ठेवलेला लॅपटॉप थोड्या वेळात तापून हळू होणारच. टेबलावर ठेवा, मागची बाजू जरा उचलून, आणि फॅनमधली धूळ काढून घ्या.

मृद्गंध_इंटिरियर्स
खूप खूप आभार दोघांचे!! सेटिंग बदललं आणि जीपीयू १ हलायला लागला, ऑर्बिट एकदम मोकळं झालं. फक्त एका फ्लॅटची फाइल अजूनही जड आहे, शॅडो ऑन केल्या की तशीच थांबते. आणि एनस्केपमध्ये ४ जीबी पुरेल का?

स्केच_सखी
त्या फ्लॅटमध्ये थ्रीडी वेअरहाउसमधून (स्केचअपचा तयार मॉडेल्सचा ऑनलाइन साठा) सोफे, झाडं घेतलीत ना? हमखास तीच असतात. कुणीतरी टाका न टाका काढलेला सोफा आणि त्यात लाखभर फेसेस (छोटे छोटे पृष्ठभाग), क्लायंटला त्यातलं काही दिसतही नाही. स्केचअपचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे कार्ड कितीही भारी घेतलं तरी तिथे फरक पडत नाही. मॉडेल इन्फोमध्ये स्टॅटिस्टिक्स उघडा, पर्ज अनयूज्ड करा (न वापरलेलं सगळं निघून जातं), झाडं वेगळ्या टॅगवर (लेयरसारखंच) टाकून काम करताना बंद ठेवा, स्टाइलमधून प्रोफाइल्स (कडांच्या जाड रेषा) काढा आणि शॅडो फक्त प्रेझेंटेशनच्या सीनमध्ये ठेवा.

एनस्केप ४ जीबीवर चालतं पण काठावर. टास्क मॅनेजरमध्ये डेडिकेटेड जीपीयू मेमरीवर लक्ष ठेवा, ती भरली की सगळं अडखळतं. मग आधी ४के ची टेक्श्चर्स लहान करा, लॅमिनेटचा फोटो १०२४ पिक्सेलचा असला तरी शटरवर छान दिसतो, आणि रेंडरिंग क्वालिटी ड्राफ्टवर ठेवून फिरा, फायनल इमेज काढतानाच वाढवा.

मृद्गंध_इंटिरियर्स
हो, झाडंच आहेत, बाल्कनीत ओळीने लावलीयेत! आज रात्रीच टॅगवर टाकते.