मतपत्रिकेवर नाव यायलाच एवढा आटापिटा कशाला?

एडिसनकर:
न्यू जर्सीत प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, आधी दारावर कुणी क्लिपबोर्ड घेऊन उभं राहिलं, की आपली मंडळी पडद्याआडून बघतात आणि गप्प बसतात. त्या कागदावरच्या सह्यांशिवाय उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर येत नाही, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

नाव आलं तरी भागत नव्हतं. २१ पैकी १९ कौंट्यांत (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) ‘लाइन’ होती. कौंटीतल्या पक्षसमितीने पाठिंबा दिलेले सगळे एका ठसठशीत ओळीत आणि बाकीचे कुठल्यातरी कोपऱ्यात. २०२४ मध्ये सिनेटला उभे असलेले अँडी किम कोर्टात गेले, तेव्हा न्यायाधीश झाहिद कुरैशी यांनी ती पद्धत थांबवली. तीही त्या वेळच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरतीच.

शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या अपक्षाला सहा आठवड्यांत ४५,००० सह्या आणाव्या लागतात. २०२४ ला तिथल्या मतपत्रिकेवर त्या पदासाठी दोनच नावं छापलेली होती. याला निवड म्हणायचं?

सदाशिवपेठी:
म्हणायचं. चाळणी काढली की काय होतं ते आपण बघितलंय. १९९६ ला तामिळनाडूत मोडाकुरिचीला १,०३३ उमेदवार उभे होते, मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली! मग लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० झाली, आता २५,००० आहे आणि एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर जप्त. त्यापेक्षा सह्या बऱ्या. खिशात दमडी नसली तरी पायपीट करता येते.

बे_एरियातली:
पायपीट कोण करतो हो? सह्या गोळा करणारी माणसं पैसे देऊन ठेवतात. आणि त्यावर वकिलांची कात्री. अक्षर लागत नाही, पत्ता जुळत नाही, मतदार दुसऱ्याच मतदारसंघातला... झाली सही बाद. १९९६ ला ओबामा इलिनॉय राज्याच्या सिनेटला पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हा त्यांच्या बाजूने अशाच हरकती घेतल्या गेल्या आणि प्रायमरीतले चारही प्रतिस्पर्धी बाद झाले. त्यात विद्यमान सिनेटर अ‍ॅलिस पामरही होत्या. सगळं कायद्यात बसवून!

आमच्याकडे कॅलिफोर्नियात बरं आहे. प्रतिनिधीगृहासाठी पगाराच्या एक टक्का, म्हणजे १,७४० डॉलर फी भरा, नाहीतर तिच्याऐवजी सह्या आणा. प्रायमरीत सगळे पक्ष एकत्र, त्यातले पहिले दोघे नोव्हेंबरच्या अंतिम निवडणुकीला.

सदाशिवपेठी:
आणि नोव्हेंबरला तुमच्याकडे ग्रीन किंवा लिबर्टेरियन अशा छोट्या पक्षांचे उमेदवार किती दिसतात? २०१६ ला सिनेटसाठी कमला हॅरिस आणि लोरेटा सँचेझ, दोघीही डेमोक्रॅट. रिपब्लिकन मतदाराने काय, नाणं उडवायचं? यापेक्षा न्यूयॉर्क परवडलं, तिथे दोन पक्ष तरी होते.

बे_एरियातली:
रिपब्लिकन उमेदवार जूनमध्ये प्रायमरीच्या मतपत्रिकेवर होते की! मतं कमी पडली म्हणून गेले, सहीतल्या खाडाखोडीमुळे नाही.

एडिसनकर:
@सदाशिवपेठी, चाळणी असू दे, माझी हरकत नाही. पण न्यूयॉर्कमध्ये २०२० पर्यंत १५,००० सह्या पुरत होत्या. तेव्हा तिथे कुठे हजार उमेदवार उभे राहत होते, म्हणून थेट तिप्पट केल्या? एवढं सांगा.