पुण्याच्या थंडीतला पेस मुंबई फुलला टिकेल का?

कोथरूड_४२
मंडळी, जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन (४२.२ किमी) आहे. डिसेंबरात पुण्यात सपाट रस्त्यावर हाफ (२१.१ किमी) १:४८ मध्ये झाली, तेव्हा पहाटे १२ अंश होते. एका शर्यतीवरून दुसरीचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटर फुलसाठी ३:४५ सांगतो, म्हणजे पेस किलोमीटरला ५:२० मिनिटं. सप्टेंबरात सातारा हिल हाफ २:०९ मध्ये झाली होती. प्रश्न असे: मुंबईच्या हवेसाठी किती मिनिटं धरायची? पेडर रोडच्या चढाला किती? आणि साताऱ्याच्या वेळेवरून काही अंदाज बांधता येतो का?

दवबिंदू
आधी कॅल्क्युलेटरबद्दल. तो हाफच्या वेळेला साधारण २.०८५ ने गुणतो. आठवड्याला ५०–६० किमीपेक्षा कमी धावणाऱ्यांना हा आकडा हमखास आशावादी पडतो. तुमचं मायलेज त्याहून कमी असेल तर हवामान बाजूला ठेवूनही ३:५० च धरा.

आता हवा. नुसतं तापमान पाहू नका, दवबिंदू पाहा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव बनू लागतं ते तापमान. हवेत बाष्प जास्त असलं की घाम गळतो पण वाळत नाही, आणि शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळेच. मग रक्त त्वचेकडे जास्त वळतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच पेसला हृदयाचे ठोके चढत जातात.

धावणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो: तापमान आणि दवबिंदू, दोन्ही फॅरनहाइटमध्ये घेऊन बेरीज करा. १०० पर्यंत काही फरक नाही. १२१–१३० ला वेळ १ ते २ टक्के वाढते, १३१–१४० ला २ ते ३ टक्के, १४१–१५० ला ३ ते साडेचार टक्के. मुंबईत जानेवारीत पहाटे पाचला १८ अंश सेल्सियस आणि दवबिंदू १५ धरला तर फॅरनहाइटमधली बेरीज १२३ येते. पावणेनऊला २५ आणि १७ झाले की १४०. तुमच्या पूर्ण शर्यतीची सरासरी २ टक्के धरली तर साडेचार मिनिटं, म्हणजे ३:४५ चे ३:४९:३०. पाच तास लागणाऱ्याला ३ टक्केही कमी पडतील, कारण त्याचा शेवटचा तास कडक उन्हात जातो.

चढउतार
वरच्या हिशोबाशी सहमत. पण पेडर रोडला लोक नको तेवढा दोष देतात, म्हणून जरा सविस्तर. मार्गात वर्षागणिक फेरफार होतात, तेव्हा तुमच्या वर्षाचा नकाशा आधी बघा. इथे मी वरळीकडून हाजी अलीमार्गे पेडर रोड चढून परतायचा नेहमीचा मार्ग धरतोय.

ढोबळ हिशोब असा: दर १० मीटर चढाला ७ ते ९ सेकंद जातात आणि तेवढ्याच उताराला जेमतेम ५ परत मिळतात. पेडर रोडला पंचवीस-तीस मीटर चढ धरला, तो जाताना आणि येताना असा दोनदा मोजला, तरी उतार वजा जाता निव्वळ तोटा अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर राहतो. मग तिथे लोकांची तीन-चार मिनिटं का जातात? कारण चढ येतो पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास आणि त्याआधीच शरीर तापलेलं असतं. नुकसान होतं ते पहिल्या १५ किमीत! अंधार, १८ अंश, ताजे पाय, मरीन ड्राइव्हची सपाटी. ५:१० सुद्धा सहज वाटतो. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला. पाचला सुटलात तर तेव्हा तुम्ही २४–२५ किमीवर असाल, म्हणजे सी लिंक ओलांडून झालेली. बिल तिथून पुढे येतं.

३:५० साठी माझी विभागणी:
पहिले ५ किमी ५:३५ ने (गर्दी असतेच, नागमोडी ओव्हरटेक करू नका),
५ ते ३० किमी ५:२४ ने,
उरलेले १२.२ किमी सरासरी ५:३० ने.
चढावर पेस ५:५० पर्यंत पडू द्या आणि श्वासाची लय तीच ठेवा. केम्प्स कॉर्नरकडे उतरताना लांब टांगा टाकू नका. मांड्यांचे पुढचे स्नायू तिथे गेले तर मरीन ड्राइव्हवर पेटके येतात.

सातारा हिलच्या वेळेवरून अंदाज बांधू नका. तिथे आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग उतरायचा, हवा पावसाळी. त्या वेळेतून तुमच्या पायांची ताकद कळते, सपाटीवरचा पेस नाही.

मोजपट्टी
जीपीएस घड्याळाचा मुद्दा राहिला. प्रमाणित मार्ग सर्वांत आखूड रेषेने, वळणाच्या कडेपासून ३० सेंमीवरून मोजतात आणि वर हजारात एक भाग जास्त ठेवतात, म्हणजे सुमारे ४२ मीटर. आपण त्या रेषेवर धावत नाही आणि उंच इमारतींमध्ये जीपीएसही भरकटतो. घड्याळ शेवटी ४२.७ दाखवेल असं धरा. मग ३:५० साठी घड्याळावर ५:२७ नाही, ५:२३ दिसायला हवा. ऑटो-लॅप (घड्याळाने आपोआप किलोमीटर मोजणं) बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटर पाटीला हाताने लॅप दाबा.

मार्ग आणि हवेने किती फरक पडतो ते एकाच धावपटूत बघा. इथिओपियाचा हायले लेमी २०१६ च्या जानेवारीत दुबईच्या सपाट मार्गावर २:०४:३३ धावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने बॉस्टन जिंकली ती २:१२:४५ मध्ये. तिथे पेसर (ठरलेल्या पेसने पुढे धावून वेग राखून देणारे) नसतात आणि शेवटच्या टप्प्यात टेकड्या आहेत. २०२३ मध्ये मुंबईत २:०७:३२ चा मार्गविक्रमही त्याचाच.

दवबिंदू
तयारीचं एक राहिलं. पुण्याची कोरडी थंडी मुंबईची सवय लावत नाही. शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत पाच-सहा हलक्या रन सकाळी दहानंतर करा, ४५ ते ६० मिनिटं, पेस न बघता. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो. त्यातल्याच एका रनच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. तासाला ४०० ते ७०० मिली बहुतेकांना पुरतं. प्रत्येक स्टेशनवर बाटलीभर साधं पाणी रिचवू नका, रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते तहानेपेक्षा घातक.

कोथरूड_४२
खूप आभार. शेवटचं विचारतो: त्या पहाटेच २२ अंश आणि दवबिंदू २० निघाला तर?

चढउतार
मग बेरीज सुरुवातीलाच १४० आणि शेवटाकडे १५० च्या घरात. साडेतीन टक्के म्हणजे आठ मिनिटं. ३:५३ ते ३:५५ धरा, पहिले १० किमी ५:४० च्या आत जाऊ नका आणि ३:५० च्या पेसरमागे लागू नका.